मिठागरातला उत्तर ध्रुव

मुलुंडच्या रद्दीच्या दुकानात एका जुन्या कॉमिकवर आम्हा दोघांचे हात एकदमच पडले. मुखपृष्ठावर उत्तर ध्रुव, गुरगुरणारं अस्वल आणि बर्फात बेशुद्ध पडलेली बाई.

"घे तू," तो म्हणाला. "तशी हिच्यापेक्षा तू छान बेशुद्ध पडशील."

"ओळख ना पाळख, नि डायरेक्ट बेशुद्ध?"

तो ॲश्टन, मरोळचा. अशाच जुन्या ढंगाची एक बर्फातली साहसकथा तो चितारत होता आणि मुखपृष्ठाचं चित्र ज्यावरून काढायचं, त्या फोटोसाठी त्याला नायिका हवी होती. मला काय हवं होतं, ते मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. दोन महिने चहा झाले, थट्टा झाली. एकदा त्याने घरचं विचारलं, तेव्हा "बाबा मिठाच्या एक्स्पोर्टमध्ये आहेत," असं मी ठोकून दिलं. बाबा मिठागरात मीठ ओढतात... हे काही जिभेवर आलंच नाही.

"नीलम, बर्फ सापडला!" एक दिवस त्याचा फोन आला. "इथेच, मुलुंडच्या मिठागरात. झकास ढीग आहेत!"

बाबांचंच मिठागर! पण शनिवारी बाबा एका हळदीला जाणार होते. मी हो म्हटलं.

मे महिन्याच्या उन्हात भाड्याचा फरकोट घालून मी ढिगावर चढले. ॲश्टनने माझी बट टोपीत सारली. त्याचा हात जरा जास्तच रेंगाळला... आणि खालून आवाज आला, "ओ! बूट काढा आधी! खायाचं मीठ हाय ते!"

बाबा! हळदीला गेलेच नव्हते. उघडे, घामाने निथळत उभे होते.

त्यांनी मला ओळखलं. मी मान फिरवली. बाबा हळूच म्हणाले, "मॅडम, बूट काढून बसा. चालंल." आणि वळून चालू लागले.

मॅडम! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय झालं गं?" ॲश्टनने विचारलं.

"ते... माझे बाबा आहेत. एक्स्पोर्ट वगैरे काही नाही. मी खोटं बोलले."

आता हा जाणार, असं वाटलं. जाऊ दे, माझी तेवढीच लायकी होती. त्याने कॅमेरा बंद केला.

"मला काय सांगतेस? त्यांना सांग ना."

मी बूट काढून अनवाणीच धावले. मीठ तळव्यांना झोंबत होतं. बाबा बांधावर पाठमोरे बसले होते.

"बाबा, चुकले मी. तुमची लाज वाटली मला... आता स्वतःची वाटतेय."

बाबांनी पाण्याची बाटली पुढे केली. "तो कोट काढ आधी, बाय. उकडून मरशील."

मी रडत रडत कोट काढला. बाबांची नजर माझ्या मागे गेली. तिथे ॲश्टन अवघडून उभा होता.

"यो कोन?"

तेच तर आम्ही एकमेकांनाही सांगितलं नव्हतं. ॲश्टन खाली बघू लागला. पण आपल्या माणसाला परकं करून झालं होतं एकदा... पुन्हा नाही.

"ॲश्टन," मी म्हणाले. "माझा आहे, बाबा."