पैलवानाचे गाल

“आई, तुम्ही सांगाल तसं करते,” असं सून म्हणाली, आणि सासूच्या हातातल्या किटलीतला चहा कपात पडायचा तो बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून थेट मुलाच्या मांडीवर सांडला!

या एका वाक्यासाठी जगातल्या किती सासवा जन्मभर झुरतात… कितीजणींचे डोळे मिटतात, पण सुनेच्या तोंडून ते शब्द काही कानी पडत नाहीत! आणि इथं ही सातव्या महिन्यातली सून, जी दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसून भल्याभल्यांवर ‘ब्रेक दाबा’ म्हणून डाफरते, जिनं लग्न झाल्यापासून साधं भाजीत मीठ किती हेही कुणाला विचारलं नाही, ती आज आपण होऊन, मान खाली घालून विचारत होती. सासूला आनंदानं भरून यायला हवं होतं. तिला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

प्रश्न लशीचा होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की डांग्या खोकल्याची लस आता घेऊन टाका. आईनं घेतली की तिचं बळ पोटातल्या बाळाला पोचतं, आणि जन्मल्यावर त्याला स्वतःची लस मिळेपर्यंतचे पहिले आठवडे तेच त्याला सांभाळतं. बाळाला अपाय नाही, तुमचा दंड दुखेल, फार तर कणकण वाटेल. सक्ती नाही, घरी विचार करा आणि शुक्रवारी या. आता, घरी विचार करा असं शहाण्या माणसानं कुणालाही सांगू नये. घरी विचार सोडून बाकी सगळं होतं.

दवाखान्यात असेपर्यंत सुनेला सारं पटत असे. घरी आली की तिच्यापुढं नवरा उभा राही, आणि पटलेलं डळमळू लागे. कारण नवरा हा तोंडानं वाद घालत नसे. तो नुसता छाती पुढं काढून उभा राही.

त्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती त्यानं आयुष्यात एकच केली होती, तीही स्टुडिओच्या गंजलेल्या शटरशी. घरचा फोटो स्टुडिओ खाली आणि बिऱ्हाड वर. तो दिवसभर लोकांना ‘हनुवटी वर’ सांगत पासपोर्टचे फोटो काढी. पैलवान हे नाव पडलं ते शोकेसमधल्या फोटोमुळं. त्या फोटोत पाच-सहा महिन्यांचं एक बाळ बसलं होतं… आणि काय त्याचे गाल! असे गच्च, असे तुकतुकीत, की रस्त्यानं जाणाऱ्या बायका काचेला नाक लावून उभ्या राहत, आणि आपल्या कडेवरचं पोर घाईघाईनं पदराखाली घेत. ते बाळ म्हणजे हाच. याला कधी शिंक आली नाही, याला कधी ताप आला नाही, हा लोखंड खाऊन जन्मला आहे, असं आईनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. गल्ली विसरली असती, पण पैलवान विसरला नाही. पावसात भिजून नाक गळू लागलं, तर तो म्हणे धूळ आहे.

“माझ्या वेळी आईनं काय घेतलं होतं? काही नाही,” मांडीवरचा चहा पुसत तो म्हणाला. “आणि बघ माझ्याकडे. आपल्या बाळाला उसनं बळ कशाला? घरचं आहे की.”

सून नवऱ्याकडे बघत होती, मग पोटाकडे बघत होती, आणि शेवटी सासूकडे. सासू ‘फडकं आणते’ म्हणून जी उठली ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

हाय रे मातृहृदया! कसं सांगावं तिनं, की तो पुरावाच मुळात खोटा होता!

खरं काय ते या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. पैलवान जन्मला तेव्हा मूठभर होता. थोरल्या जाऊबाई बघायला आल्या, पाळण्यात वाकल्या, आणि म्हणाल्या, “बारीक आहे गं.” एवढंच. पण ज्या बाईची स्वतःची दोन्ही पोरं भोपळ्यासारखी होती, तिनं म्हटलेलं ‘बारीक’ धाकटीच्या काळजात रुतून बसलं. आणि मग चौथ्या महिन्यात त्या बारीक जिवाला डांग्या खोकला धरला. जाऊबाई तेव्हा वरच्या मजल्यावर राहत होत्या. त्यांच्या कानी जाऊ नये म्हणून ही वेडी आई पोराला घेऊन खाली स्टुडिओतल्या मागच्या खोलीत बसे, जाड पडदे ओढून, रंगवलेल्या तळ्याच्या आणि रंगवलेल्या हंसांच्या पुढं. पोर खोकून खोकून निळं पडे. नवरा त्याला उभं धरी, ती पाठ चोळी, आणि दोघंही पुढच्या श्वासाची वाट बघत. सगळ्यात वाईट दिवस गेले ते मोठ्या हॉस्पिटलात, पण जाऊबाईंना निरोप गेला होता की धाकटी माहेरी गेली आहे.

पोर वाचलं. हाडं आणि डोळे तेवढे उरले होते. त्याचा फोटो काढला आणि नवऱ्यानं बारीक ब्रश घेतला. तो त्या काळी रीटचिंगमध्ये नावाजलेला होता. नवऱ्यामुलांचे मुरूम आणि आजोबांच्या सुरकुत्या तो सहज पुसून टाकी. बायकोचे डोळे बघून त्यानं त्या दिवशी पोराला गाल दिले. थोडे म्हणता म्हणता बरेच दिले. फोटो शोकेसमध्ये लागला, जाऊबाईंनी तो बघितला आणि त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्यावर धाकटीनं सगळं आयुष्य काढलं होतं!

आता हेच गाल नातवंडाच्या मुळावर उठले होते.

शुक्रवारपर्यंत तिनं आडून आडून सगळं करून पाहिलं. ती म्हणाली, डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत, उगाच का सांगतील? पैलवान म्हणाला, आई, तू भोळी आहेस. ती जेवली नाही. पैलवान म्हणाला, उपास चांगला असतो. मग ती मागच्या खोलीत नवऱ्याकडे गेली. तो आता फ्रेमा बनवीत असे, आणि घरगुती बोलणं सुरू झालं की त्याचे कान आपोआप जात. तुम्हीच सांगा ना हो त्याला, असं तिनं तीनदा विनवलं. त्यानं ओठांत धरलेल्या खिळ्यांतला एक काढून ठोकला आणि काच साधी हवी की बिनचकाकीची, असं विचारलं.

सुनेची तगमग तिला बघवत नव्हती. पोरगी खिडकीशी उभी राही, दोन्ही हात पोटावर ठेवून. एकदा हळूच म्हणाली, “आई, घेतली आणि काही झालं तर माझंच चुकलं. नाही घेतली आणि झालं, तरी माझंच.” सासूचं अंतःकरण विदीर्ण झालं… पण तोंड काही उघडलं नाही. खोटं बोलणं एक वेळ सोपं असतं, ते मोठं झालेलं, मिशा आलेलं, आपल्यालाच आई म्हणणारं खोटं मोडायचं कसं?

शुक्रवारी सकाळी नेमक्या जाऊबाई आल्या. त्या आता दोन गल्ल्या सोडून राहत होत्या, पण सल्ल्याचा वास त्यांना तिथवर येई. सगळे खाली स्टुडिओतच बसले, कारण पैलवानाला गिऱ्हाईक सोडवत नव्हतं. जाऊबाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि तिसरीच मांडली. माझी पोरं जाड होती तरी सारखी आजारी असायची, आणि हा एक बघा, आमच्या धाकटीच्या हातालाच गुण आहे. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी धाकटीची स्तुती केली! ऐकायला कान आसुसले होते, आणि आली ती अशा वेळी!

“झालं तर मग,” पैलवान म्हणाला. “कर फोन. सांग, लस नको.”

सुनेनं फोन उचलला. सासूनं एकदा शोकेसकडे पाहिलं, एकदा जाऊबाईंकडे, आणि मनातल्या मनात आपल्या साऱ्या वैभवाचा निरोप घेतला.

“ठेव तो फोन,” ती म्हणाली. “लस घे. याला झाला होता डांग्या खोकला. वाचेल असं वाटलं नव्हतं.”

मग पैलवान हसू लागला. त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सुनेचं मन राखायला पोटच्या पोराला आजारी पाडतेस होय, असं प्रेमानं विचारलं. जाऊबाईही हसल्या. मी वरच राहत होते, मला कळलं नसतं? आणि ते गाल कुठून आले मग? धाकटीनं सांगितलं, गाल ब्रशचे आहेत. त्यावर तर जाऊबाईंना ठसकाच लागला. बिचारीनं शपथ घेतली, हॉस्पिटलचं नाव सांगितलं, डोळ्यांतून घळघळ पाणी वाहू लागलं… आणि कुणीही विश्वास ठेवीना! तीस वर्षं तिचं खोटं सगळ्यांनी डोळे झाकून मानलं होतं, आणि आज पहिल्यांदा खरं बोलली तर सगळे तिची समजूत घालत होते.

सूनसुद्धा चाचरत म्हणाली, “आई, माझ्यासाठी नका ना असं…”

तेव्हा सासूनं डोळे पुसले, आणि ती खोकली.

ते खोकणं तिनं ठरवून केलं नव्हतं. शब्द संपले होते, आवाज तेवढा आठवत होता. खोकल्यामागून खोकला, त्यामागून आणखी, मध्ये श्वासाला जागाच नाही… आणि मग काहीच नाही. तोंड उघडं, मान ताणलेली, आणि नुसती शांतता. ती शांतता इतकी लांबली की सुनेनं फोन खाली टाकला. मग बंद दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा तो एक लांब, कर्कश, आत ओढलेला श्वास…

मागच्या खोलीतली हातोडी थांबली. पडदा बाजूला झाला आणि म्हातारा धावत बाहेर आला. ज्याला दाराची घंटा ऐकू येत नसे, जेवायला चारदा बोलवावं लागे, तो अनवाणी धावत आला, आणि ओठांतले खिळे फरशीवर विखुरले.

“उभं धर त्याला,” तो म्हणाला. “उभं धर, पाठ चोळ.”

आणि मग तो थबकला. खोलीत पोर नव्हतं. पोराच्या जागी नव्वद किलोंचा, मिशीवाला, कॅमेरा गळ्यात अडकवलेला माणूस उभा होता. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, हात उचलला, आणि उगाचच, काही न बोलता, त्याच्या पाठीवरून फिरवीत राहिला.

आता कुणी हसत नव्हतं. पैलवानानं शोकेसकडे नजर वळवली. त्याचा आवाज फार बारीक निघाला. “म्हणजे गाल माझे नाहीत?”

“गाल सोडून बाकी सगळं तुझंच आहे,” बाप म्हणाला. “कानांना तर मी शिवलोसुद्धा नाही.”

“पण का, आई?”

“तुला कुणी बारीक म्हणू नये म्हणून,” आई म्हणाली, आणि त्या अवाढव्य पोराच्या छातीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागली. तोही रडला. नाक गळू लागलं, पण या वेळी त्यानं धुळीचं नाव काढलं नाही.

जाऊबाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “एवढं सगळं चाललं होतं, तर मला हाक का नाही मारलीस?”

“मारली असती तर काय म्हणाला असतात, ताई?”

जाऊबाई खरोखर विचारात पडल्या. बाई बोलायला फटकळ असली तरी अप्रामाणिक नव्हती. “म्हणाले असते, मी तेव्हाच सांगितलं होतं बारीक आहे,” त्या म्हणाल्या, आणि उठून जावेच्या शेजारी येऊन बसल्या. “पण म्हणून झाल्यावर रात्रभर बसले असते गं तुझ्याजवळ.”

सून पर्स घेऊन दारात उभी होती. “मी जाते घ्यायला. तुम्ही सांगितलं म्हणून नाही हं, आई,” ती म्हणाली. “मी तो श्वास ऐकला म्हणून.” गाडीची किल्ली तिनं नवऱ्याच्या हातात दिली नाही, त्याच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, आणि तिला ब्रेकची काळजी होती.

दवाखान्यात तिनं बाही वर केली आणि मुंगी चावल्याइतकीही हूं की चूं केलं नाही. मग नर्सनं सहज सांगितलं, की बाळाला जी माणसं उचलून घेणार, त्यांनीही आपापल्या लशीचं डॉक्टरांना विचारून घ्यावं. विचारलं, आणि घ्यायचं ठरलं. सासूनं घेतली, सासऱ्यांनी घेतली, एवढंच काय, जाऊबाईंनीही घेतली आणि आपण केवढा त्याग केला हे आठवडाभर दुखरा दंड धरून साऱ्या गल्लीला सांगितलं. पैलवान सुई बघून खुर्चीतल्या खुर्चीत घसरला. आईनं त्याला उभा धरला आणि पाठ चोळली.

बाळ आलं, मुलगी. लालभडक, सुरकुतलेली, काडीएवढ्या पायांची. म्हाताऱ्यानं स्वतः फोटो काढला आणि सवयीनं ब्रशाच्या डब्याकडे हात नेला. बायकोनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हात मागे आला. फोटो जसा होता तसा फ्रेममध्ये गेला, आणि शोकेसमध्ये पैलवानाच्या गालांशेजारी लागला.

जाऊबाई बघायला आल्या. पाळण्यात वाकल्या. चष्मा सारखा करून पुन्हा वाकल्या. मागच्या खोलीतली हातोडी हवेतच थांबली, पैलवानानं श्वास रोखला, आणि सून सासूच्या तोंडाकडे बघू लागली.

“बारीक आहे गं,” जाऊबाई म्हणाल्या.

“हो ताई, बारीकच आहे,” आजी म्हणाली. तिनं नातीला अलगद उचललं आणि जाऊबाईंच्या हातात दिलं. “घ्या की. मान तेवढी धरा.”