न तापणारा कॉम्प्युटर

ही घटना माझ्या शेजारणीच्या, ग्लेनिसच्या घरी घडली. यात माझ्या पदरचं काही नाही.

ऑस्ट्रेलियातलं पोर्ट पिरी. गेल्या जानेवारीतला, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यातला बुधवार, दुपारचे तीन. बाहेर पंचेचाळीस अंश.

तिचा नवरा क्लाइव्ह जूनमध्ये गेला. एका गेमच्या दुसऱ्या भागाची त्याने बारा वर्षं वाट पाहिली. पहिल्या भागात दीपगृहाचं दार बंदच राहिलं होतं. "दुसऱ्यात उघडलं नाही तर कंपनीच्या दारात जाऊन बसेन," म्हणायचा. नव्या गेमसाठी त्याने कॉम्प्युटरचे सुटे भाग आणून ठेवले होते. किती वीज लागेल ते कागदावर मांडलं होतं. खाली टीप होती: 'खेळताना एसी बंद. नाहीतर फ्यूज उडेल.'

गेम डिसेंबरात आला. ग्लेनिसने कॉम्प्युटर स्वतः जोडला. त्याच्यासाठी ते दार तिला उघडायचंच होतं.

एसी बंद करून ती खेळायला बसली.

अर्धा तास... एक तास...

तिला घाम आला नाही.

उलट डाव्या दंडाला गार लागायला लागलं. क्लाइव्ह डावीकडे बसायचा.

गेममध्ये ती चुकीच्या वाटेला वळली की कॉम्प्युटरचा पंखा थांबायचा...

बरोबर वळली की पुन्हा सुरू.

सातला ती दीपगृहाच्या दारापाशी पोचली. "उद्या उघडू हं," ती मोठ्याने म्हणाली. त्या खोलीत सहा महिन्यांनी कुणी बोललं होतं.

सकाळी कोस्टा आला. रिपेअरवाला, क्लाइव्हचा दोस्त. जोडणी बघावी म्हणून त्याने झाकण उघडलं आणि हसला.

"अगं शहाणे, प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरखालची प्लास्टिकची फिल्म कोण काढणार? हिच्यामुळे उष्णता बाहेरच जात नाही. दोन मिनिटांत बंद पडत असेल."

"काल चार तास चालला."

"थापा नको मारूस."

"चार तास, कोस्टा."

त्याचं हसू गेलं. त्याने फिल्म काढली, कूलर पुन्हा बसवला.

दुपारी कॉम्प्युटर झकास चालला. सगळ्यांचा तापतो तसा तापला. पंखा एकदाही थांबला नाही. ग्लेनिस घामाने निथळत होती आणि डावीकडे कुणीच नव्हतं. दार तिने उघडलं नाही.

तिने कोस्टाला फोन केला.

"ती फिल्म परत लाव."

"ग्लेनिस, जळेल तो."

"लाव म्हणते ना."

त्याने लावली.

दोन मिनिटं... आणि पडदा काळा.

तीनदा केलं. तीनदा तेच. ग्लेनिस त्या काळ्या पडद्यासमोर बसून रडली. कोस्टाला घरी जा म्हणायचंही तिला सुचलं नाही.

तिथे नक्की कोण होतं, मला ठाऊक नाही. पण कोस्टा आता कुणाचाही कॉम्प्युटर उघडायच्या आधी विचारतो, "घरात एकटेच असता का?"

हो म्हटलं, की तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतो.