काजळाची बाटली

चंद्रकांता हटूनच बसली... मोठ्या आईच्या हातचं काजळ घातल्याशिवाय ती भंडाऱ्याच्या कोर्टात काही येणार नव्हती! सानगडीच्या त्या अंगणात वकील लक्ष्मणराव ताटकळले होते आणि पोरीचा बाप तुलाराम धुमसत होता. कारण मोठी आई म्हणजे त्याची विधवा वहिनी बेबीबाई, आणि नऊ वर्षांत तो तिच्याशी शब्द बोलला नव्हता की तिच्या हातचं पाणी प्यायला नव्हता.

सत्त्याहत्तर साली तान्ह्या चंद्रकांताला लस टोचली, मांडी सुजली, पू झाला आणि पाय कायमचा अधू झाला. डॉक्टरांनी फडकं सोडलं तर आत झाडपाल्याचा लेप! तुलारामचे लाल डोळे बघून त्याची एकोणीस वर्षांची बायको सत्यभामा मागे सरकली. हा हिला माहेरी हाकलणार, हे बेबीबाईने ओळखलं आणि ती पुढे होऊन म्हणाली, "मी बांधला पाला." त्या दिवसापासून तिची चूल वेगळी झाली. पोरीची माया मात्र कुणाला वेगळी करता आली नाही.

बेबीबाईने चिंधीत गुंडाळलेली काचेची इवलीशी बाटली काढली. लस टोचून झाली की रिकाम्या बाटल्यांसाठी नर्सबाईंभोवती बायकांची झुंबड उडे. कुणी त्यांत तेल ठेवी, कुणी काजळ. ही बाटली चंद्रकांताच्याच लसीची. आज काजळ घालताना चिंधी सुटली, बाटलीला चिकटलेली कागदाची चिठ्ठी दिसली आणि लक्ष्मणराव असे उडाले की त्यांचा पांढरा सदरा काळा व्हायचा थोडक्यात वाचला!

सरकारी तपासणीत दूषित निघालेल्या लॉटचा, म्हणजे लसींच्या त्याच खेपेचा, नंबर होता तिच्यावर. हा लॉट सानगडीला गेलाच नाही, असं, जिच्यावर हा खटला होता ती लस बनवणारी कंपनी छातीठोकपणे सांगत होती, आणि दवाखान्याचं रजिस्टर तर वाळवीने कधीच फस्त केलं होतं.

कोर्टात बाटली पाहून कंपनीच्या वकिलाचा चेहरा उतरला. पण गडी पक्का मुरलेला. लगेच पाल्यावर घसरला. लस आमची असेलही, पाय मात्र पाल्याने गेला! बाटलीची साक्ष द्यायला उभ्या असलेल्या बेबीबाईला त्याने विचारलं, पाला सूज येण्याआधी बांधला की नंतर?

बेबीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिला काय ठाऊक! ते तिने सत्यभामेला कधी विचारलंच नव्हतं. चुकीचं बोललं तर कंपनी सुटणार, खरं बोललं तर सत्यभामेचा संसार... हे ईश्वरा, ज्या असत्याने एक घर तारलं, तेच आज लेकराचा न्याय बुडवणार का?

"जाऊबाईनं नाही बांधला, साहेब," मागून रडवेला आवाज आला. सत्यभामा उभी होती. "मी बांधला. तिसऱ्या दिवशी, मांडी सुजून टम्म झाल्यावर. बाईनं माह्यासाठी नऊ वर्सं दोष आपल्या डोक्यावर घेतला."

तुलाराम मान खाली घालून बसला. हा आता सत्यभामेला माहेरी हाकलतो की काय, या धास्तीने निकालापर्यंतचे वीस दिवस बेबीबाईचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

निकाल लागला. पाला बांधण्याआधीच सूज होती, दोष लसीतच होता आणि त्याची जबाबदारी लस बनवणाऱ्या कंपनीचीच! पोरीच्या पायाची आणि पुढच्या आयुष्याची भरपाई कंपनीने द्यायची होती. लक्ष्मणरावांनी पेढे वाटले, दोघी जावा गळ्यात पडून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या... आणि बघतात तर तुलाराम गायब.

एसटी लागली, तेव्हा तो धापा टाकत आला. त्याच्या हातात पितळेची लखलखीत काजळडबी होती. ती बेबीबाईच्या ओंजळीत ठेवून तो अडखळत म्हणाला, "वहिनी, बाटली तर कोर्टातच राहिली. आता पोरीले काजळ कायच्यात ठेवान?"

वहिनी!... नऊ वर्षांनी! बेबीबाईला हुंदका आवरेना.

"अन् जरासं पाणी द्या. घसा सुकून राहिला माहा."

तिने तांब्या पुढे केला. तुलारामने तो तोंडाला लावला तो खाली ठेवायचं नावच घेईना.

"बाबा, मले बी ठेवा ना," चंद्रकांता कुरकुरली. पण तांब्या रिकामा झाला होता, आणि बेबीबाई हसत हसत, डोळे पुशीत, तो पुन्हा भरायला नळाकडे निघाली होती.