टाक्यावरचा पांढरा रुमाल

खोटं सांगायचं माझं वय राहिलेलं नाही. पुढची हकिकत लायल हॅगर्टीने मला स्वतःच्या तोंडाने सांगितली, तेही मान वर न करता.

वायोमिंगचं माळरान. ऑगस्टचा शेवटचा रविवार, भर दुपार.

लायलची भावजय मार्व्हा हिला त्या वर्षी सोडतीत प्राँगहॉर्न हरणाच्या शिकारीचं परमिट लागलं होतं. कळप कुठल्या पाण्यावर येतो, ते हंगामाआधी हेरून ठेवावं लागतं. म्हणून दोघं निघाले होते.

"जागा चांगली दाखव हं," गाडीत ती म्हणाली. "नाहीतर तुझ्या वाट्याची तंगडी माझ्या कुत्र्याला."

लायल हसला नाही.

चार वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या भावाने, मार्व्हाच्या नवऱ्याने, व्हर्लिनने, विचारलं होतं, "पवनचक्कीच्या टाक्यावर काही दिसतं का रे?"

"टाकं कोरडं पडलंय. तू दक्षिणेच्या ओढ्यात बघ."

आपली जागा लपवायला तिथले सगळेच शिकारी असं बोलतात. पवनचक्की पाणी उपसत होती, टाकं काठोकाठ भरलेलं होतं.

व्हर्लिन त्या ओढ्यात, उन्हात, एकटाच कोसळला. दोन दिवसांनी सापडला.

आता लायल मार्व्हाला त्याच टाक्यावर नेत होता. वाटेत सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून. पुढचं फाटक आलं की सांगू... वाटेतल्या कुरणांची तिन्ही फाटकं तिने उतरून उघडली, लावली. त्याचं तोंड काही उघडलं नाही.

दोघं झुडपांआड पालथे पडले. टाक्यावर अकरा हरणं होती.

मग वारा पडला.

पवनचक्कीची करकर थांबली...

अकराही माना एकदम वर झाल्या. पलीकडच्या टेकडीकडे.

तिथे पांढरं काहीतरी हललं. तीनदा... थांबलं. पुन्हा तीनदा...

प्राँगहॉर्न फार चौकस. पांढरं फडकं हलवलं की बघायला जवळ येतं. जुने शिकारी असंच बोलावतात. पण तीनदा हलवून थांबायची खोड एकाचीच होती.

"कोण तडमडलाय मेला तिकडे?" मार्व्हा पुटपुटली.

लायलने दुर्बीण लावली. निळ्या किनारीचा रुमाल.

धरणारा हात नव्हता.

"दे इकडे." तिने दुर्बीण घेतली. टेकडीवर रोखली.

हरणं एकामागून एक टेकडी चढली. पलीकडे उतरली... दक्षिणेकडे.

दोघं वर गेले. धुळीत खुरांचे ठसे तेवढे होते. माणसाचं पाऊल नव्हतं. रुमालही नव्हता.

"ती किनार मी शिवली होती," मार्व्हा म्हणाली. "त्याच्या खिशात घालूनच पुरलं त्याला."

मग ती वळली. खाली टाक्यात ऊन चमकत होतं.

"हे टाकं कधी आटतं का रे, लायल?"

लायलने टोपी काढून हातात घेतली.

"गेला त्या सकाळी तो म्हणाला होता, लायल सांगतो टाकं कोरडं आहे."

"आटत नाही," लायल म्हणाला. "कधीच नाही."

परतताना रस्त्यालगतच्या शेवटच्या फाटकाशी ती उतरली. फाटक उघडलं, गाडी बाहेर काढू दिली, मागे लावलं.

आणि गाडीत बसली नाही. रस्त्याने चालू लागली. तो दोन मैल तिच्या मागून हळूहळू गाडी हाकत राहिला. तिने वळून पाहिलं नाही.

गेल्या वर्षी मी त्या टाक्यावर गेलो होतो. वारा पडला, तसा परत फिरलो. टेकडीकडे बघितलं नाही.

शिकारीच्या जागा मीही लपवल्या आहेत.