कुंपणाबाहेरचा कोच

धडधाकट स्कूटर कुणी भर पावसात ढकलत नेतं का? पण तो नेत होता. उंच, सडसडीत, नखशिखांत भिजलेला... आणि शेजारून लांब तंगड्यांची एक कॉलेजातली पोर चाललेली.

"गाडी बंद पडली का हो?" वाटेनं चाललेल्या एका तरुणीनं छत्रीआडून विचारलं.

"गाडीला काय धाड भरलीय! कोचनं खेळाडूला गाडीवरून सोडायचं नाही, असा नियम आहे. फुकटची मेहरबानी होते म्हणे."

"मग तुम्ही तरी पुढे जा की."

"पोरीला एकटं टाकून? नियमाला चालेल. माझ्या आईला नाही चालणार."

तिनं छत्री पोरीपुढे केली, तर हा म्हणाला, "देऊ नका... धरा. धरायला मनाई नाही."

मग काय, छत्री धरून ती त्या पोरीच्या दारापर्यंत गेली. वाटेत हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. कारण तो नियम राखायला कॉलेजनं नेमलेली नवी तपासनीस ती स्वतःच होती — उद्यापासून रुजू!

दुसऱ्या दिवशी तिला कचेरीच्या खुर्चीत बघून कोचचा चेहरा असा झाला, की बाई गं, विचारू नका.

त्या दिवसापासून दर सोमवारी सरावाच्या तासांचा तक्ता घेऊन स्वारी हजर.

"शिपायाबरोबर पाठवला तरी चालतो," ती मान वर न करता म्हणायची.

"शिपायाला तुमच्या भुवया वर चढताना बघायची हौस नाही."

घरी आत्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "सोमवारीच बरी वेणी नीट घातली जाते," ती टोमणा मारायची. "कागदांना दाखवायला का?"

...आणि एका सोमवारी तो आला, पण हसला नाही. आठवड्याला सराव वीस तासांचाच करायचा, हाही नियम. तक्त्यावर त्याच्याच अक्षरात होतं — वीस तास चाळीस मिनिटं.

"टोळला धावेची पावलं सापडली हो शेवटी," तो म्हणाला. टोळ म्हणजे तीच पोर, लांब उडीवाली. "थांब म्हणायला जीभ उचलेना. घड्याळ बघितलंच नाही... छे, खोटं कशाला बोलू. बघितलं होतं."

"कुणी पाहिलं का?"

"मी होतो की तिथं."

तिनं तो आकडा पुन्हा वाचला. अहवाल गेला, की कोच एका स्पर्धेला बाद. आणि पुढची स्पर्धा शनिवारचीच — टोळची कॉलेजातली शेवटची, जिच्यासाठी तिनं तीन वर्षं घाम गाळला ती.

कॉलेजचे क्रीडाप्रमुख म्हणाले, "अहवालात वीस लिही आणि मोकळी हो. सुंठीवाचून खोकला गेला."

"लपवल्यानं खोकला जात नाही, साहेब."

वीस तास चाळीस मिनिटं लिहून तिनं सही केली. आता हा माणूस आपलं तोंडही बघणार नाही, हे धरूनच ती घरी गेली.

शनिवारी पहारेकऱ्यानं त्याला मैदानाच्या कुंपणाबाहेर उभं केलं. आत टोळच्या दोन उड्या झाल्या. दोन्ही वेळा पाय पट्टीच्या रेघेपुढे पडला, दोन्ही वेळा लाल झेंडा, उडी बाद. उरली एक.

तिला राहवेना. ती जाळीपाशी गेली. तो तारा घट्ट धरून उभा होता. कुठं चुकतंय ते त्याला कळलं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं.

"मी... मी सांगू का तिला काही?"

तोंडातून गेलं खरं, आणि तिचीच तिला लाज वाटली.

"नाही," तो हळूच म्हणाला. "आज मी कोच नाही. तुमच्या सहीचा कागद आहे तसा. आणि असलं पुन्हा विचारू नका हं. तुमच्यासारखी ताठ बाई वाकलेली मला बघवणार नाही."

तेवढ्यात टोळनं कुंपणाकडे पाहिलं. आणि यानं काय करावं? पाठ फिरवली! नजरेतूनसुद्धा खूण जायला नको म्हणून. माणूस असा असतो होय, तिला वाटलं... आणि डोळे भरून आले.

"काय करतेय?" पाठमोऱ्यानंच विचारलं.

"धाव सुरू करायची खूण उचललीय... मागे नेतेय."

"किती?"

"एक पाऊल... थोडं जास्तच."

त्यानं डोळे मिटले. "शहाणी माझी पोर."

"धावली... उडाली!"

"झेंडा?"

"पांढरा! अहो, पांढरा!"

तो ओल्या मातीत मटकन बसला. टोळ दुसरी आली, पण याचे डोळे पहिली आल्यासारखे वाहत होते.

मग उठून, हात पँटला पुसत म्हणाला, "एक विचारू? नियमातलं आहे."

"विचारा."

"कोच आणि तपासनीस... बरोबर चहाला जाऊ शकतात?"

"मुळीच नाही. मग माझी तपासणी कोण खरी मानेल?"

त्याचा चेहरा पडला. तिनं तो मनसोक्त पडू दिला.

"म्हणून आज सकाळीच अर्ज दिलाय. तुमच्या संघाचे कागद यापुढे दुसरा तपासनीस बघेल."

"अर्जाला... कारण लागतं ना?"

"लागतं. 'जवळचं नातं' असं लिहिलंय."

"पण अजून तर तसं काही—"

"हे बघा," ती म्हणाली. कान लाल झाले होते, आवाज मात्र कचेरीतलाच. "माझ्या हातून आजवर खोटी नोंद झालेली नाही. ही खरी कशी करायची, ते तुमचं तुम्ही बघा."

जाळीतून जेमतेम एक बोट जात होतं. त्यानं तेवढंच पुढे केलं... आणि तिनं ते धरलं.