सत्तावीस नंबरचं घड्याळ

“दार लाव! फट राहतेय!”

“लावलंय! तुझं कोपर काढ आधी माझ्या बरगडीतून!”

“गप्प बसा रे दोघं!” तोफ कडाडली. “आणि टॉर्च कुठाय?”

भर दुपारी तीन पोरं कपड्यांच्या कपाटात कोंबून बसली होती. तोफ बारा वर्षांची. राग आला की तिचा आवाज तीन घरं ओलांडून जाई, म्हणून सगळे तिला तोफच म्हणत. तिच्या पाठीला चिकटलेला शेपूट, म्हणजे तिचा आठ वर्षांचा भाऊ. आणि तिसरा भिंग, आत्याचा मुलगा. भिंगाकडे बिस्किटांच्या डब्यात, पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्यांची नऊ जुनी, बंद पडलेली घड्याळं होती. त्यांची त्याला इतकी माहिती होती, की डोक्यात शाळेच्या विषयांना जागाच उरली नव्हती.

भिंगाने तळहातावरच्या घड्याळावर टॉर्च मारली आणि विझवली. काटे आणि ठिपके हिरवेगार चमकू लागले. शेपटाने शंभरपर्यंत आकडे मोजले, तरी चमकतच राहिले!

“झालं!” भिंग म्हणाला. “आजोबांचं घड्याळ पन्नास वर्षांचं. तेव्हाचा रंग कधीच मरून जातो. माझ्या नऊ घड्याळांत एक ठिपका लुकलुकेल तर शपथ!” मग त्याने काच दातावर हलकेच आपटली. टिक्! “खरी काच. तेव्हा प्लॅस्टिकची असायची, ती दातावर भद्द वाजते. आणि काचेभोवतीचं हे मिनिटांचं कडं एकाच बाजूला फिरतंय. जुनी दोन्हीकडे फिरायची.”

“म्हणजे आजोबा खरं बोलतायत!” तोफ इतक्या जोरात उठली, की हँगरसकट चार शर्ट तिघांच्या डोक्यावर आले.

आजोबा बंदरात पाणबुड्या होते. एकतीस वर्षं जहाजांच्या तळाशी काम केलं. घड्याळ बंदरानेच दिलेलं. त्याच्या मागच्या झाकणावर त्यांचा नंबर कोरलेला होता, सत्तावीस. महिन्यापूर्वी ते बंद पडलं, तेव्हा बाबांनी मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात दुरुस्तीला टाकलं. परत आलं, आजोबांनी हातात घेतलं आणि लगेच म्हणाले, “हे माझं नाही.”

“अण्णा, मागे तुमचाच नंबर आहे की!” बाबा म्हणाले.

“झाकण माझं आहे. घड्याळ माझं नाही.”

बाबांनी दुकानात फोन केला. दुकानदार मधासारखा गोड बोलला. काच, रंग, कडं, सगळं बदलावं लागलं म्हणे. “आजोबांना फोनवर विचारूनच केलं. ते हो म्हणाले होते. विसरले असतील, या वयात होतं असं.”

“मला कुणाचाही फोन आला नाही,” आजोबा म्हणाले.

पण ते ऐकायला कुणाला वेळ होता? गेल्या महिन्यात आजोबांकडून दूध उतू गेलं होतं, आता हे! संध्याकाळपर्यंत बाबांनी आणि आत्याने ठरवूनसुद्धा टाकलं. आजोबांनी गोदीजवळच्या खोलीत एकटं राहायचं नाही. सोमवारी वृद्धाश्रमाच्या अर्जावर सही करायची. आणि हे सगळं आजोबांच्या समोर बोलले, जणू तिथे माणूस नाही, खुर्ची आहे! तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती तेव्हाच. दुकानदाराला आजोबांचं वय माहीत होतं, आणि त्याने बरोबर त्याचाच फायदा घेतला होता.

कपाटातून निघून ती थेट बाबांसमोर उभी राहिली.

“बाबा, झाकणावर पन्नास वर्षांचे ओरखडे आहेत आणि बाकीचं घड्याळ गुळगुळीत! काच बदलली, रंग बदलला, मग घड्याळाचं अंगसुद्धा बदललं का? कडं तर एकाच बाजूला फिरतं!”

“पाणबुड्यांच्या घड्याळाचं कडं एकाच बाजूला फिरतं. मी इंटरनेटवर वाचलंय.” बाबांनी लॅपटॉपवरून नजरही उचलली नाही.

“ते नंतरच्या घड्याळांचं, मामा,” भिंग म्हणाला.

“पुरे! घरात एक विसरभोळा आहे तेवढा बास. त्यात तीन गुप्तहेरांची भर नको!”

तोफेने दार असं आपटलं, की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

आजोबा गोदीजवळच्या आपल्या खोलीत, खिडकीशी बसून बुटाला पॉलिश करत होते. तोफेने समोर स्टूल ओढलं. “आजोबा, तुमचं घड्याळ कसं होतं? सगळं सांगा. अगदी बारीकसारीक.”

आजोबांचा ब्रश थांबला. “हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. गोदीच्या पाण्यात गाळ इतका, की नाकासमोरचा हात दिसत नाही. घड्याळ बघणार कसं? म्हणून त्यांनी कड्याच्या काठाला कानशीने खाचा पाडल्या होत्या. शून्याला एक, विसाला दोन, चाळिसाला तीन. अंगठ्याच्या नखाने चाचपायचं आणि किती मिनिटं झाली ते ओळखायचं. “आणि बावन्नाच्या जवळ एक तिरपी. कानस घसरली, बोट कापलं. ती फुकटची.”

“हे तुम्ही बाबांना का नाही सांगितलं?”

“सांगायला लागलो होतो. तो फोनवर होता.”

शनिवारी सकाळी तिघं दुकानात धडकले. शाळेचा प्रकल्प आहे, असं भिंगाने साळसूदपणे सांगितलं. दुकानदार संग्राहकही होता. पांढरे हातमोजे घातल्याशिवाय तो घड्याळाला शिवत नसे, म्हणून शेपटाने त्याचं तिथल्या तिथे बारसं केलं: हातमोजे! दुसऱ्या दिवशी दुकानात जुन्या घड्याळांचं प्रदर्शन होतं. काचेच्या पेटीत मखमलीवर बारा घड्याळं मांडली होती आणि मधोमध, सगळ्यांत उंचावर, एक काळवंडलेलं.

“हे माझं सर्वांत मौल्यवान!” हातमोजेंची छाती फुगली. “एका परदेशी नौदलातल्या पाणबुड्याचं. मूळ रंग, मूळ काच, मूळ कडं!”

“पॉलिश का नाही केलं?” भिंगाने विचारलं.

“पॉलिश? अरे बाळा, अडाणी लोक पॉलिश करतात! एक ओरखडा पुसला की किंमत निम्मी. या कड्यावर त्या पाणबुड्याने खाचा पाडल्यात, त्यासुद्धा मी जशाच्या तशा...”

“खा—” शेपूट ओरडणार, तोच तोफेने त्याचं तोंड दाबलं. “खाऊ हवाय त्याला,” ती म्हणाली आणि त्याला फरफटत बाहेर घेऊन गेली.

रस्त्यावर आल्यावर तिने वाटेतला दगड लाथेने उडवला. चोरी केली ती केली, वर आजोबांची एकतीस वर्षं भलत्याच कुणाच्या नावावर खपवली!

“आता घड्याळाच्या आतल्या मशीनचा नंबर कळला पाहिजे,” भिंग म्हणाला. “माझी बंद घड्याळं ज्यांच्याकडून आणतो ना, त्या दुरुस्तीवाल्या मावशींना बोलावतो. बंदराची घड्याळं त्यांच्या वडिलांकडेच जायची.”

तयारी झाली, पण आजोबाच अडून बसले. “कशाला तमाशा? जाऊ दे गं. दूध तर उतू गेलंच होतं ना? कुणास ठाऊक, मीच विसरत असेन.”

“तुम्हीसुद्धा?” तोफेचा आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला. “सगळे म्हणतात म्हणून तुम्ही पण म्हणणार? दूध आमच्याही घरी उतू जातं! बाबांना कुणी टाकलं का आश्रमात? काल खाचा कुणी सांगितल्या? मी?”

 आजोबांनी पॉलिश केलेले बूट पुढे ओढले.

बाबांना आणणं त्याहून अवघड होतं. “एक तास द्या,” तोफ म्हणाली. “मी खोटी ठरले तर तो अर्ज मी स्वतःच्या अक्षरात भरेन!” बाबा कपाळाला आठ्या घालून निघाले.

रविवारी दुकान माणसांनी गच्च भरलं होतं. हातमोजे परदेशी पाणबुड्याची कहाणी रंगवून सांगत होते. तोफ पुढे घुसली.

“काका, ज्याचं घड्याळ आहे त्याला न बघता खाचा सांगता येतील?”

“अर्थात! तो अंधारातच वाचायचा ना त्या!” हातमोजे हसले. “पण तो कुठून येणार?”

“दारातून,” तोफ म्हणाली.

आजोबा दारात पाठ करून उभे राहिले.  मावशींनी डोळ्याला भिंग लावलं आणि त्या पेटीवर वाकल्या.

“शून्याला एक,” आजोबा म्हणाले.

“एक,” मावशी म्हणाल्या.

“विसाला दोन. चाळिसाला तीन.”

“बरोबर. बरोबर.”

“बावन्नाजवळ एक तिरपी. कानस घसरली होती.”

मावशींनी मान वर केली. “आहे. तिरपीच आहे.”

हातमोजेंच्या तोंडचं पाणी पळालं. “यो... योगायोग! या कार्ट्यांनीच काल बघून सांगितलं असणार!”

“अच्छा! आता आम्ही कार्टी!” तोफ गरजली. “मावशी, झाकण उघडा!”

मावशींनी आजोबांच्या हातातल्या घड्याळाचं, सत्तावीस नंबरचं झाकण उघडलं. “आम्ही दुरुस्तीवाले झाकणाच्या आतून सुईने खूण करतो, मशीनच्या नंबरासकट. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. ही बघा माझ्या वडिलांची खूण, आणि हे शेवटचे चार आकडे, सहा-शून्य-तीन-आठ. पण या मशीनवर नंबर वेगळाच आहे.” मग त्या हातमोजेंकडे वळल्या. “आता ते पेटीतलं द्या.”

“मी मुळीच...”

“द्या!” हा आवाज बाबांचा होता. तोफेने चमकून पाहिलं. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता.

मावशींनी दुसरं झाकण फिरवलं आणि आत पाहिलं. “सहा-शून्य-तीन-आठ,” त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना दिसेल असं घड्याळ पुढे धरलं.

मग जो गलका उडाला! नंबरवरून घरच्यांना शंका येऊ नये म्हणून हातमोजेंनी जुनं झाकण त्याच कंपनीच्या नंतरच्या घड्याळाला लावलं होतं. कुणीतरी पोलिसांना फोन केला. गेल्या वर्षी दुरुस्तीला घड्याळ टाकलेले दोघे गृहस्थ हातमोजेंना घेरून जाब विचारू लागले. मावशींनी भिंगाची पाठ थोपटली. शेपटाला कुणीतरी खरंच खाऊ दिला.

“शाबास गं माझी पोर!” बाबांनी तोफेच्या खांद्यावर हात ठेवला. “काय डोकं चालवलंस!”

तोफेने खांदा झटकला. “नकोय मला शाबासकी! यात डोकं कसलं? आजोबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, झाकण माझं आहे, घड्याळ माझं नाही. शब्दन्‌शब्द खरा होता! तुम्ही त्या माणसाचं फोनवर ऐकलंत, आणि आजोबांचं समोर बसून ऐकलं नाहीत!”

  बाबा आजोबांपाशी गेले.

“अण्णा, चुकलो मी.”

“हो, चुकलास,” आजोबा म्हणाले. त्यांचं स्वतःचं घड्याळ आता मनगटावर होतं आणि अंगठा कड्यावर. “त्या आश्रमाला फोन कर आता.”

“घरी गेलो की लगेच...”

“आत्ता.”

बाबांनी खिशातून फोन काढला. वडिलांसाठी ठेवलेली जागा नको, असं त्यांनी सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असावं. बाबांनी एकदा तोफेकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे, आणि सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात खरं कारण सांगितलं.