डिकीची तीन बुचं

एखादी जुनी गाडी पार पत्र्यापर्यंत सोलून उघडी केली, की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ती तिच्या पोटाखालची भोकं. बघणाऱ्याला वाटतं, चाळणी झाली बिचारीची. तसं नसतं. कारखान्यात रंगाच्या हौदात बुडवून काढलेली गाडी निथळावी, म्हणून ती मुद्दाम पाडलेली असतात. निथळून झालं की रबरी बुचं दाबून बंद करायची. या गाडीला अशी एकोणीस होती.

गाडी अप्पांची. म्हणजे आधी मालकांची, पण अठ्ठावीस वर्षं ती चालवली अप्पांनी, आणि अप्पांचे डोळे थकले तेव्हा मालकांच्या घरच्यांनी ती त्यांनाच देऊन टाकली. भला माणूस होता मालक. गाडीत मालक नसले आणि नदीवरचा लांब पूल आला, की अप्पा देवाच्या गाण्याची एक ओळ घेत आणि शेवटचा सूर पूल संपेपर्यंत सोडत नसत. मागच्या सीटवर त्यांची दोन पोरं नाक दाबून बसत. दरवेळी आधी पोरांचाच श्वास सुटे.

ती दोन पोरं आता एक गॅरेज चालवत होती. थोरला इंजिन बघायचा, धाकटी पत्रा. धाकटी बेचाळीस वर्षांची झाली, तरी थोरला असेतो हे नाव काही सुटायचं नाही. बोटाचं पेर पत्र्यावर आपटून तो कुठं पातळ झालाय, कुठं पुट्टी भरलीय, हे ती नुसतं ऐकून सांगे. गॅरेजमागे अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली ती गाडी तिनं दीड वर्ष खपून उभी केली, ती एकाच गोष्टीसाठी. अप्पांना तिच्यातून एकदा तो पूल पार करायचा होता. अप्पा ऐंशीचे होते.

बुचं बसवायची वेळ आली तेव्हा धाकटीकडून एक चूक झाली. डिकीच्या तळाला तीन भोकं असतात, दोन कोपऱ्यांत दोन आणि एक स्टेपनीच्या खड्ड्यात. ती पुरती बंद करायची नसतात. तिथं मधोमध चीर असलेलं बूच लागतं, आत शिरलेलं पाणी गळून जाऊ देणारं. मागवलेल्या पुडक्यात मात्र एकोणीसच्या एकोणीस बुचं भरीव निघाली. धाकटीच्या हाताला तेव्हा लय लागलेली होती. तिनं सगळी दाबली, वरून सीलंट भरलं, अंगठ्यानं गुळगुळीत केलं आणि मागे सरून म्हणाली, "आता मुंगी शिरायची नाही."

त्याच दुपारी अप्पांनी अर्धी भाकरी बाजूला सारली. "जेवायला श्वास पुरत नाही गं," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून ते काढलं. ते उन्हात धरलेल्या फिक्या चहासारखं दिसत होतं.

"पावणेदोन लिटर निघालं बघा," सिस्टर म्हणाली. "एवढं घेऊन हे आजोबा थट्टामस्करी करत होते."

"नीट मोजा हं सिस्टर," अप्पा म्हणाले. "जाताना परत मागाल."

धाकटी कपडे बदलायला गॅरेजवर आली. जाता जाता सवयीनं तिनं डिकीवर पेर आपटलं. रिकामी डिकी टणकन बोलते. ही थप् झाली.

झाकण उघडलं. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी होतं.

महिनाभर पाऊस नव्हता. छप्पर शाबूत होतं, नळ अंगणाच्या पलीकडे. तिनं खालची बुचं काढली आणि पाणी तेलाच्या मापाच्या डब्यात धरलं. पावणेदोन लिटर. फिकं, चहासारखं. डबा हातात धरला तर कोमट लागत होता.

ती घाबरली नाही. चिडली. पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला गळती म्हणजे तोंडावर मारलेली चपराक वाटते.

"तू गाडी धुतलीस?" तिनं थोरल्याला विचारलं.

"मी? मी माझी मोटरसायकल धुत नाही."

मग तिनं झाकणाच्या रबराला खडू फासला, टॉर्च घेऊन स्वतः डिकीत शिरली आणि थोरल्याला वरून पाइप मारायला लावला. आत अंधार, ताज्या रंगाचा वास आणि डोक्यावर पाण्याचा ताशा.

"काही येतंय का?" थोरला बाहेरून ओरडला.

"तुझा आवाज येतोय. पाणी नाही."

"मग राहा तिथंच. गॅरेजला जरा शांतता मिळेल."

खडू जागचा हललासुद्धा नाही. झाकण निर्दोष होतं, शिवणी निर्दोष होत्या. तिनं बुचं परत बसवली, अंगठ्यानं सीलंट गुळगुळीत केलं. त्यानंतर चौथ्या दिवशी अप्पांच्या छातीतून पुन्हा सव्वा लिटर निघालं. धाकटी दवाखान्यातून थेट गॅरेजवर आली, डबा लावला आणि बुचं ओढली. सव्वा लिटर. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

थोरल्याला तिनं सांगून पाहिलं. लहानपणी तिला ताप आला की बोलायचा त्या आवाजात तो म्हणाला, "झोप झालीय का तुझी?"

त्यानंतर तिनं एक गोष्ट केली. ती तिनं कुणाला सांगितली नाही. सकाळी अकरा वाजता थोरला अप्पांजवळ बसला होता. तिनं फोन केला आणि तो अप्पांच्या उशाशी ठेवायला सांगितला. अप्पा हलक्या आवाजात तीच पुलावरची ओळ गुणगुणत होते. दोन बुचं आधीच बसवलेली होती. फोन कानाशी धरून धाकटी गाडीखाली सरकली, आणि तिसरं बूच तिनं अंगठ्यानं दाबलं. खट् करून ते बसलं.

ओळ मध्येच तुटली.

"अप्पा? अप्पा, काय झालं?" फोनमधून थोरल्याचा आवाज आला.

तिनं बूच उपटलं. हातावर कोमट थेंब पडला. फोनमधून खोकल्याची उबळ ऐकू आली, मग पाण्याच्या पेल्याचा आवाज, मग थोरला म्हणाला, "काही नाही गं, ठसका लागला." मग ओळ पुढे सुरू झाली.

ती बराच वेळ तशीच उताणी पडून राहिली. असं का होतं, हे विचारायला तोंड उघडलं होतं तिनं, पण विचारणार कुणाला? देवाला विचारावं, तर तो बिचारा आधीच अप्पांचा सूर सांभाळत होता. शेवटी ती गाडीच्या काळ्या पोटाकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "कारण तुझं तुला लखलाभ. मला नको. पण ही तीन भोकं उघडी राहणार. बघू कोण बुजवतं."

तिनं उरलेली दोन बुचंही काढली आणि तिन्ही भोकांखाली तीन ताटल्या ठेवल्या. रोज सकाळी त्यांत थोडंथोडं पाणी साचलेलं असे. ती ते ओतून टाके. दवाखान्यात अप्पा दोन घास जास्त जेवू लागले. चिरेची बुचं टपालानं आली, ती तिनं पुडकं न फोडता कचऱ्यात टाकली. आता कोणत्याच रबरावर तिचा भरवसा नव्हता.

अप्पांना घरी सोडायचा दिवस उजाडला. धाकटीनं ठेवणीतले कपडे घातले, अप्पांना त्यांचा स्वतःचा सदरा घातला, केस विंचरले. तेवढ्यात थोरला हसत आला.

"एक काम उरकून आलो. रागावू नकोस. गाडी दिली."

"कुणाला?"

"त्या जुन्या गाड्यांच्या संग्रहवाल्या साहेबांना. दोनदा येऊन बघून गेले होते ना? त्यांच्या दालनात छान राहील. अगं, तू ताटल्यांतलं पाणी मोजत बसतेस! मला भीती वाटायला लागली तुझी. पुलावरून अप्पांना फिरवायला देतील ते, मी कबूल करून घेतलंय."

"कधी नेली?"

"तास झाला. माणसं चोख आहेत त्यांची. म्हणाले, तीन बुचं राहिलीत, ती जाताच बसवतो."

पलंगावरून अप्पा म्हणाले, "खिडकी उघड गं जरा."

"उघडीच आहे, अप्पा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठांचा रंग जात चालला होता. सिस्टर धावत आली, डॉक्टरांना हाक गेली, सुईचा ट्रे मागवला गेला. थोरला गोंधळून एकदा अप्पांकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला.

"इथून हलू नकोस," ती त्याला म्हणाली. "फोन हातात ठेव."

दालन शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. उंच छत, पांढरा उजेड, आरशासारखी फरशी. दोन्ही बाजूंना जुन्या गाड्या रांगेनं उभ्या, वीस तरी असतील. साहेब स्वतः सामोरे आले. म्हातारे, सौम्य, हातात पांढरे हातमोजे.

"या, या! काय हात आहे तुमचा! फक्त तीन बुचं विसरला होतात. बसवली आमच्या माणसांनी. सीलंटसकट."

"काढा ती."

"काढू? अहो, मग ओल शिरेल."

"साहेब, वेळ नाही मला."

"हे बघा, दालनात गाडीखाली कुणी जात नाही. तसा नियम आहे आमचा."

"मग आज मोडला म्हणून लिहून ठेवा."

तिच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसे, पण पेचकस असे. ठेवणीतल्या कपड्यांनिशी ती त्या चकचकीत फरशीवर उताणी पडली आणि आत सरकली. बाजूला साहेबांचे बूट अस्वस्थपणे पुढेमागे होत राहिले.

सीलंट अजून ओलं होतं. पहिलं बूच निघालं.

दुसऱ्याला पेचकस निसटला आणि तिच्या तळव्यात घुसला. तिनं तो काढला आणि परत लावला.

"तू बुजव," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "मी उघडते. बघू कोण आधी दमतं."

तिसरं निघालं.

पाणी धो धो आलं. तिच्या तोंडावर, केसांत, गळ्यात. कोमट. ती बाजूला झाली नाही.

पर्समध्ये फोन वाजत होता.

"अगं," थोरला म्हणाला. "सुई अजून लावलीच नाही. डॉक्टर नुसते उभे आहेत. अप्पा उठून बसले. आपले आपण."

"फोन दे त्यांना."

फोनमधून ओळीचा तो शेवटचा सूर आला. सरळ, लांब. तिनं नाक दाबलं. तिचा श्वास सुटला, तरी सूर चालूच होता.

ती बाहेर सरकून बसली. फरशीवर पाणी पसरत शेजारच्या गाडीच्या चाकापर्यंत गेलं होतं.

"हे पाणी," साहेब म्हणाले, "हे आलं कुठून?"

"मला नाही माहीत. पण ही गाडी मी घेऊन जाणार, आणि तिची भोकं उघडी राहणार."

"न्या हो, न्या. कमाल आहे." ते खिशातला रुमाल काढून बूट पुसू लागले. "बाकी आमच्याकडची एकही गाडी गळत नाही बरं का. घराघरांतून आणल्यात. आल्या आल्या सगळ्या पक्क्या बंद करून घेतो आम्ही."

धाकटी उठली. आधारासाठी तिनं शेजारच्या गाडीच्या डिकीवर हात टेकला, आणि सवयीनं तिचं पेर पत्र्यावर आपटलं.

थप्.

ती थांबली. पुढच्या गाडीकडे गेली.

थप्.

तिच्या पुढे एक निळी गाडी होती, लहानशी. तिनं पेर आपटलं, आणि झाकणाच्या आतून कुणीतरी घसा खाकरला. दवाखान्याच्या बाकावर आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहणारं माणूस खाकरतं तसा. हळू, संकोचानं.

साहेबांचा रुमाल हातातच राहिला.

धाकटीनं ओल्या बाह्या वर सारल्या, पेचकस पुसला आणि फरशीवर उताणी पडली.

"आले हं," ती म्हणाली, आणि आत सरकली.

तेव्हा रांगेतल्या पुढच्या गाडीतूनही कुणीतरी खाकरलं. मग तिच्या पुढच्या.